मेणबत्तीवरची मधमाशी

मी वर्गात बोलायला लागले ते अगदी अलीकडे. त्याआधी तोंडाला कुलूप, आणि किल्ली कुठे ठेवली ते माझं मलाच माहीत नव्हतं. म्हणून बाईंनी विचारलं, "घरातली एखादी वस्तू मुळात कशापासून आली, हे प्रदर्शनात कोण सांगेल?" आणि माझा हात वर गेला, तेव्हा सगळ्यात जास्त दचकले मीच.

वस्तू शोधावी लागली नाही. माझी आत्या आमच्या मागच्या खोलीत मेणबत्त्या बनवते. दाराच्या कडीला मेण, वह्यांना मेण, एकदा तर बाबांच्या चष्म्यालाही मेण.

मी भलामोठा तक्ता केला. मेण म्हटलं की मधमाशी, त्यात विचारायचं काय? गुबगुबीत माशी काढली, पोळं काढलं, आणि पोळ्यातून बाण थेट मेणबत्तीकडे. नुसते पंख रंगवण्यात अख्खा रविवार गेला. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी शाळेतून आले ती तक्ता घेऊन आत्याकडेच.

ती साच्यात वाती ताणून बांधत होती. तिने तक्त्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत तक्त्याकडे.

"माशी झकास आलीय. पण ही इथे काय करतेय?"

"मेण देतेय."

"कोणाला?"

"तुला."

आत्या वात सोडून खालीच बसली, हसत. "बाईसाहेब, एवढ्या मेणाला माशा ठेवल्या तर मला घर सोडून पळावं लागेल." मग तिने मेणाची पांढरी लादी माझ्या नाकाशी धरली. "येतोय मधाचा वास?"

कसलाच येत नव्हता.

"हे जमिनीखालच्या तेलातून निघतं. ज्यातून पेट्रोल काढतात ना, त्याच. पूर्वी पोळ्याचं मेण असायचं, म्हणून नाव चिकटलं ते चिकटलंच."

माझं अवसानच गळालं. सगळ्या शाळेसमोर पहिल्यांदा उभी राहणार, तीही चुकीची माशी घेऊन. "मी नाही जात उद्या. तोंड उघडलं की माती खाते मी."

आत्या पुन्हा वातीकडे वळली, जरा जास्तच लक्ष देऊन. "मी पहिल्यांदा मेण आणायला गेले, तेव्हा दुकानदाराला विचारलं होतं, माशा कुठे पाळता म्हणून."

"मग?"

"अजून विचारतो मेला, माशा बऱ्या आहेत का."

मी हसता हसता थांबले. आत्या फसली, मी फसले, म्हणजे उद्या सगळेच फसणार. कात्री घेतली.

दुसऱ्या दिवशी मी समोरच्यांना विचारलं, "मेणबत्तीला मेण कोण देतं?"

"मधमाशी," सगळे एका सुरात. बाईंचेही ओठ हलले, मी पाहिलं.

मी तक्त्यावरची कापलेली माशी झाकणासारखी वर उचलली. खाली काळीभोर जमीन, तिच्या पोटात तेल. "तिने ही नोकरी कधीच सोडली. दारावर पाटी मात्र अजून तिचीच."

मागून कोणीतरी ओरडलं, "मग आता कामावर कोण?"

"समुद्रातले बारीक बारीक जीव. मरून कोट्यवधी वर्षं झाली, गाळात दबून त्यांचं तेल झालं, तरी बिचाऱ्यांना सुट्टी नाही."

हशा पिकला. आणि मी गप्प बसायचं विसरून वातीच्या कापसावरही बोलले, साच्यांवरही बोलले, शेवटी बाईंनीच घड्याळ दाखवलं.

माशी आता आत्याच्या खोलीच्या दारावर चिकटवलीय. गिऱ्हाइकांनी विचारलं की आत्या सांगते, "जुन्या मालकीणबाई."