युद्ध न होण्याची पाच कारणं

चीनमधल्या हार्बिनच्या एका संशोधन संस्थेत रशियाचा विषय निघाला की मियाओ सर बोलायचे आणि बाकीचे टिपून घ्यायचे. चाळीस वर्षं त्यांनी रशियनांना वाचलं होतं, त्यांच्या पंगतीला बसून प्यायलेही होते. सरांपुढे ब्र काढायची कुणाची टाप नव्हती. गुरूला चारचौघांत खोडायचं नाही, ही तिथली शिस्त. अशा शिस्तीत माणूस कधी चुकतो, हे त्याचं त्यालाही कळत नाही.

२०२२ सालच्या फेब्रुवारीतली चोवीस तारीख. सकाळी साडेदहाला सरांचं व्याख्यान सुरू झालं. विषय होता, 'युक्रेनमध्ये युद्ध का होणार नाही'. कारणं पाच. बाहेर तापमान उणे अठरा होतं, आत सरांच्या झाकणाच्या पेल्यात चहा वाफाळत होता.

दुसऱ्या कारणाशी ओउ रान या तरुण संशोधिकेने हात वर केला. "सर, सीमेवर रशियन फौजेकडे रक्ताच्या पिशव्या पोचल्यात म्हणतात. नुसत्या सरावाला रक्त कशाला लागतं?"

"ओउबाई, अमेरिकन पेपर जरा बेताने खात जा. पचायला जड असतात." सगळे हसले. सरांना आणखी चेव आला. "अहो, तीन आठवड्यांपूर्वी त्यांचा नेता आपल्याकडे पाहुणा होता. मैत्रीच्या आणाभाका घेऊन गेला. तो आपल्याला तोंडघशी पाडेल? अमेरिकेला भीती विकायचीय, दुसरं काही नाही. माझीच पोर तिथे युक्रेनमध्ये, खार्किवला गाणं शिकतेय. वीस तारखेचं तिकीट काढून बसली होती. मीच रद्द करायला लावलं."

याउपर बोलणार कोण? ओउ रानने हात खाली घेतला.

तिसऱ्या कारणाच्या मध्यावर टेबलावरचा एक फोन थरथरला. मग दुसरा. मग ओळीने सगळेच. माणसं खाली बघत, एकमेकांकडे बघत, पण सरांना मध्येच तोडणार कोण? सर चौथ्या कारणावर आले, तेही पुरं केलं. खार्किववर बॉम्ब पडायला लागून तोवर पंधरा मिनिटं झाली होती.

शेवटी ओउ रान उठली आणि तिने आपला फोन सरांच्या कागदांवर ठेवला.

सरांनी बातमी दोनदा वाचली. आधी त्या फोनचाच राग आला. मग त्यांनी पोरीचा नंबर लावला. कुणीतरी खुर्ची पुढे केली. आपण हे केलं, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत होतं. चाळीस वर्षांचं वाचन कवडीमोलाचं ठरल्याचं दुःख नंतर झालं असतं. आत्ता पोरगी तिथे होती.

दीड तास फोन लागत नव्हता. लागला तेव्हा खोलीतलं एकही माणूस जेवायला गेलेलं नव्हतं.

"बाबा, बरी आहे मी. वसतिगृहाच्या तळघरात आहोत."

"आहोत म्हणजे? कोण कोण?"

"आपल्याकडचे बारा जण. निघणार होते सगळे गेल्या आठवड्यात. मी म्हटलं, माझे बाबा सांगतात, युद्ध होणार नाही. मग सगळ्यांनी तिकिटं रद्द केली." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तेच सरांना सोसेना. "थांबा, स्पीकरवर टाकते. त्यांना तुम्हाला विचारायचंय."

एका मुलाचा आवाज आला, अदबीचा, दक्षिणेकडच्या हेलाचा. "काका, नमस्कार. पाणी दोन दिवसांचं आहे. इथेच थांबू का स्टेशन गाठू? तुम्ही म्हणाल तसं करतो."

पाचवं कारण समोरच्या कागदावर सुबक अक्षरात लिहिलेलं होतं.

"काका? ऐकू येतंय ना?"

"येतंय, बाळा. पण मला यातलं काही कळत नाही." त्यांनी फोन ओउ रानपुढे धरला. "बाई, तुम्ही बोला. मला नका विचारू आता काही."

ओउ रानने फोन घेतला. "तळघराला दारं किती आहेत? तुमची सगळ्यांची नावं सांगा, घरचे नंबर सांगा. सावकाश, एकेक."

सरांनी व्याख्यानाचा कागद उलटा केला आणि ती सांगेल तसं टिपून घेऊ लागले.