एनारच्या खारी

"हिला जरा धर डेल्बर्ट, पिंजऱ्याचं दार सटकतंय," असं म्हणून लोर्नाने पिंजरा माझ्या मांडीवर ठेवला आणि गाडी सुरू केली. आतली गलेलठ्ठ करडी खार माझ्याकडे रागाने बघत होती. तिला जणू मीच पकडलं होतं.

रस्त्यावर रात्रीचं बर्फ गोठलं होतं. एकटी जाऊ नकोस म्हटलं तर बाई ऐकेना, म्हणून मीच शेजारी चढून बसलो.

लोर्ना स्कार माझी शेजारीण. शाळेच्या स्वयंपाकघरात गावाच्या दोन पिढ्यांना जेवू घालण्यात तिचं आयुष्य गेलं, आणि माझं लोण्याच्या कारखान्यात बॉयलर सांभाळण्यात. तिचा नवरा एनार गेल्या पानगळीत वारला. एनारने मागच्या अंगणात खांबावर पाखरांसाठी दाण्याचा डबा बसवला होता, आणि पुढची सगळी वर्षं खारींना त्या डब्यापासून दूर ठेवण्यात घालवली. त्याने खांबाला ग्रीस फासलं, बियांत तिखट कालवलं. शेवटी डबा तारेवर टांगला आणि तारेत रिकाम्या बाटल्या ओवल्या. खारी ग्रीसवरून घसरत खाली यायच्या आणि पुन्हा चढायच्या, तिखट बिया शिंकत शिंकत खायच्या, आणि बाटल्यांवरून तर सर्कशीत चालावं तशा चालायच्या. एनार घरातल्या सपाता घालूनच झाडू घेऊन धावायचा. मी कुंपणापलीकडून टाळ्या वाजवायचो, अर्थात खारींसाठी.

तो गेल्यावर लोर्नाने पिंजरा आणला. रोज सकाळी एक खार अडकायची आणि लोर्ना तिला नदीपार सोडून यायची. सगळं गाव बघायचं आणि म्हणायचं, बाई खंबीर आहे हो, नवऱ्याची लढाई पुढे चालवतेय.

पुलावर धुकं इतकं दाट होतं की नदी आहे की नाही तेही कळत नव्हतं. गाडी ढगातून चालल्यासारखी वाटत होती. खारसुद्धा गप्प झाली. पलीकडे उतरल्यावर जंगलाचा रस्ता उजवीकडे लागतो, पण लोर्ना डावीकडे वळली.

"अगं, इकडे तर दफनभूमी," मी म्हणालो.

"ओकची झाडं इकडे जास्त आहेत," ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली.

एनारच्या थडग्याच्या दगडाशी तिने पिंजरा उघडला. खार थेट दगडावर चढली, तिथे बसून तिने अंग झाडलं आणि मग झाडावर पसार झाली. वरच्या फांद्यांवर आणखी कितीतरी शेपट्या हलत होत्या.

"काय गं हा सूड!" मी म्हणालो. "बिचाऱ्याने जन्मभर यांना शिव्या दिल्या, आणि आता या त्याच्या डोक्यावर नाचतायत."

"नाचू देत. त्याला करमायचं नाही नाहीतर." तिने दगडावरचं बर्फ हातमोज्याने पुसलं. "मलाही यायला निमित्त लागतंच ना. रोज नुसती इथे येऊन उभी राहिले तर चर्चमधल्या बायका दुपारच्या आत कर्टला फोन करतील, तुझी आई सावरलेली नाही म्हणून. त्याने शहरातल्या वृद्धाश्रमात खोली बघूनच ठेवलीय. खिडकी आहे म्हणे, गाड्या लावायच्या जागेकडे उघडणारी."

"आणि खारी सोडायला आलीस तर?"

"तर मी कामाची बाई." ती हसली. "कर्टला सांगू नकोस."

मी कशाला सांगतोय!

नाताळात कर्ट आला. मुलगा गुणी आहे, त्याला नावं ठेवायला जागा नाही. येताना तो गुळगुळीत लोखंडी खांब आणि त्यावर बसवायचं पत्र्याचं मोठं उलटं नरसाळं घेऊन आला. गोठलेली जमीन फोडायला त्याला अख्खी दुपार लागली. बोटं निळी पडली बिचाऱ्याची.

"बाबांना जमलं नाही ते मी करून दाखवलं बघ," तो म्हणाला. "आई, आता त्या खारींपायी तुला बर्फात गाडी काढायला नको."

"नको ना," लोर्ना म्हणाली, आणि तिने त्याच्या ताटलीत सफरचंदाच्या पायचा दुसरा तुकडा वाढला.

नरसाळ्यापुढे खारींची डाळ शिजेना. चार दिवस त्या खाली बसून वर बघत राहिल्या आणि मग कंटाळून दुसऱ्या गल्लीत गेल्या. पिंजऱ्याकडे फिरकायलाही कोणी उरलं नाही. डब्यावर लाल कार्डिनल पक्षी निवांत दाणे टिपायचे, आणि लोर्ना स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून त्यांच्याकडे बघायची. बघायची म्हणजे तोंड तिकडे असायचं. तिच्या गाडीवर बर्फ साठत गेलं, पार दारांच्या मुठी दिसेनाशा झाल्या.

एका सकाळी मी कॉफीला गेलो. तिने कपात साखर घातली आणि ढवळतच राहिली.

"एनार आला होता स्वप्नात," ती म्हणाली. "सपाता घालून दगडावर बसला होता. विचारत होता, हल्ली कोणीच कसं येत नाही?"

मला फार वाईट वाटलं. नरसाळ्याचे स्क्रू ढिले करायला मला पाच मिनिटं पुरली असती, पण कर्टने पुढच्या खेपेला याहून मोठं नरसाळं आणलं असतं. तो प्रेमाने करत होता, त्याला थांबवणार कसं?

मग मी दुकानातून पिंजरा आणला. उभ्या जन्मात मी एका पाखराला पावाचा तुकडा टाकलेला नाही. आता मात्र गुडघ्यांची कुरकुर ऐकत बर्फात वाकून पिंजऱ्यात अक्रोड मांडत बसलो. पहिल्या दिवशी निळ्या जे पक्ष्याने अक्रोड पळवला. दुसऱ्या दिवशी शेजारचं मांजर आत बसलेलं सापडलं, तेही ऐटीत. शेवटी एकदाची खार अडकली.

मी पिंजरा घेऊन लोर्नाचं दार वाजवलं.

"एक काम होतं. माझ्या अंगणात खारींनी उच्छाद मांडलाय. ही नेऊन सोडतेस का?"

तिने आधी खारीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुझ्या अंगणात? तिथे तर दाणासुद्धा नाही."

"नाही ना. म्हणूनच चिडल्यात."

तिने वाकून पिंजऱ्याच्या दाराची कडी चाचपली.

"पुष्कळ आहेत का रे?" तिने हळूच विचारलं.

"पुष्कळ. हिवाळाभर पुरतील."

"थांब, कोट घालते," ती म्हणाली.

ती आत गेली, तोवर मी तिच्या गाडीवरचं बर्फ खरवडायला घेतलं.