ड्रायव्हरची बाजू

"गद्दार! त्याला दुसरा शब्दच नाही!" वस्तादांनी टेबलावर अशी थाप मारली की चारही कपांतला चहा हिंदकळला. "वीस वर्षं ज्या घरचं मीठ खाल्लं, त्या घरचा पोरगा पोलिसांच्या हाती देतो? असल्या माणसाला मी माझ्या गाडीच्या चाकात हवासुद्धा भरू देणार नाही."

"मीठ खाल्लं म्हणून डोळे मिटून घ्यायचे?" ताईंनी डब्याचं झाकण आपटलं. "आत माणूस जळाला, वस्ताद! झोपेत! आणि तुम्ही मिठाचं काय घेऊन बसलात?"

"तुम्ही दोघंही चुकताय," भिडू तोंडातला घास न संपवताच म्हणाला. "सगळा दोष दादासाहेबांच्या बायकोचा आहे."

"ती बिचारी दुसऱ्या सीझनलाच वारली!" ताई किंचाळल्या.

"तरीही तिचाच," भिडू म्हणाला आणि शांतपणे दुसरी भाजी वाढून घेतली.

लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीचं हे छोटंसं वर्कशॉप. सगळी मिळून चार डोकी. वस्ताद सर्वांत जुने, त्यांच्या शब्दावर काम चालायचं. ताई टेबलाशी बसून कोणी कुठल्या इमारतीत जायचं ते ठरवायच्या, आणि प्रत्येक इमारतीच्या मशीनरूमची किल्ली त्यांच्या मागच्या फळीवर टांगलेली असायची. भिडू अकरा वर्षं या कामात मुरलेला. आणि चौथा डिप्लोमा. चौघांत कागदावर शिकलेला तो एकटाच, म्हणून हे नाव. वय चौतिशीचं, पण इथे येऊन जेमतेम आठ महिने झालेले. कामावर दोघं दोघं जायचे. डिप्लोमाची जोडी भिडूशी लागली होती.

आणि गेले तीन आठवडे जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय म्हणून नव्हता. टोळीवाल्यांची ती मालिका, सहावा आणि शेवटचा सीझन. टोळीचे म्होरके दादासाहेब, त्यांच्या धाकट्या भावाने सूडापोटी एक गोदाम पेटवलं, आत राखणदार झोपलेला. पाहिलं ते फक्त दादासाहेबांच्या ड्रायव्हरने. त्याने तोंड उघडावं की गप्प बसावं, यावर पहिल्या भागापासून वाद. मागच्या शुक्रवारच्या भागात तो ड्रायव्हर पोलीस चौकीत शिरला आणि घडाघडा सगळं सांगून मोकळा झाला. येत्या शुक्रवारी शेवट. मग भांडणं काय, हातघाईवरच यायची बाकी!

डिप्लोमा या सीझनच्या पहिल्या भागाच्या वेळी तापाने फणफणत घरी पडला होता. परत आला तेव्हा टेबलावर रणधुमाळी चालूच होती, आणि त्यालाही त्यात मजा यायला लागली होती. आज बुधवार. आज मात्र त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"तू बोल रे, डिप्लोमा," वस्ताद त्याच्याकडे वळले. "आपल्यातल्या एखाद्याचं काही चुकलं, तर काय करायचं? चव्हाट्यावर मांडायचं? छे! गुपचूप जायचं, निस्तरायचं, आणि तोंडाला कुलूप. याला म्हणतात घर. बरोबर की नाही?"

"बरोबर," डिप्लोमा म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक निघाला की ताईंनी मान वर करून पाहिलं.

आता त्याचा घास कशाने अडला होता, ते सांगायला हवं.

मागचा शुक्रवार. दिवसातली शेवटची इमारत, सहा मजली, लिफ्ट जुनी. पाचव्या मजल्यावर व्यायामोपचाराचा दवाखाना, म्हणजे लिफ्टने जाणारी निम्मी माणसं कुबड्यांवर नाहीतर चाकाच्या खुर्चीत. भिडू खाली लिफ्टच्या तळाचा खड्डा साफ करत होता, डिप्लोमा वर मशीनरूममध्ये. सगळं झालं, फक्त ब्रेक राहिला. ब्रेकचं झाकण उघडायचं, आतलं अस्तर, म्हणजे घासून लिफ्ट धरून ठेवणारा थर, दोन्ही बाजूंनी मोजायचं, मग लिफ्ट चालवून थांबवून बघायची. पाऊण तासाचं काम. घड्याळात सहा वाजून गेलेले, आणि सात वाजता तो भाग येणार होता, ज्यात ड्रायव्हर चौकीत शिरतो की नाही ते कळणार होतं. तीन महिन्यांपूर्वी हेच अस्तर साडेतीन मिलिमीटर होतं. त्याने झाकणाला हातही न लावता लिहिलं, "साडेतीन, ठीक." खाली येऊन भिडूला म्हणाला, "झालं, ठीक आहे." भिडूने त्याच्या शब्दावर खाली सही ठोकली.

एवढ्यावर थांबलं असतं तरी त्याने मनाची समजूत घातली असती. पण निघताना एक म्हातारं जोडपं लिफ्टने उतरलं, आणि लिफ्ट जमिनीच्या दोन बोटं खाली जाऊन थांबली. म्हातारीच्या काठीला ठेच लागली. डिप्लोमाने ते पाहिलं. ब्रेक जेव्हा धरायचा कमी होतो, तेव्हा लिफ्ट अशीच घसरते, हे त्याला पुस्तकातही शिकवलं होतं आणि वस्तादांनीही. त्याने पाहिलं, आणि तो गाडीत जाऊन बसला. का? मालिकेसाठी! शरमेने मरावं असं कारण.

तेव्हापासून पाच दिवस ती दोन बोटं त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. दोन बोटांची चार झाली असतील का? फोन वाजला की तो आधी इमारतीचं नाव ऐकायचा. काल रात्री जेवताना बायको म्हणाली, "अरे, तू टीव्ही बघतोयस की भिंत?"

"ड्रायव्हर चुकला का गं?" त्याने ताट सारून उठत विचारलं.

"मालिकेतल्या माणसापायी कुणी ताटावरून उठतं का?" ती म्हणाली आणि हसली.

एकट्याने जाऊन तपासणं शक्य नव्हतं. किल्ली ताईंच्या फळीवर, सही करूनच मिळायची, आणि जोडीदाराशिवाय कुठल्याही इमारतीत कामाला जायचं नाही हा पक्का नियम. म्हणजे कुणाला तरी सांगणं भाग. भिडूला? त्याची तर सही होती, त्याला काय तोंड दाखवणार! ताईंना सांगावं, तर त्या तीन आठवडे छाती ठोकून सांगत होत्या की सख्खा भाऊ असला तरी त्याचं नाव द्यायचं. राहिले वस्ताद. गुपचूप जायचं, निस्तरायचं, तोंडाला कुलूप. नोकरी वाचायची असेल तर हाच एक माणूस, असं त्याने मनाशी ठरवलं.

जेवण झाल्यावर वस्ताद भांडारात गेले. डिप्लोमा मागोमाग आत शिरला, त्याने दार लावून घेतलं आणि एका दमात सगळं ओकून टाकलं. मालिकेचंही सांगितलं.

वस्तादांच्या हातात ग्रीसचा डबा होता. तो त्यांनी खाली ठेवला.

"किती बोटं?"

"दोन. म्हणजे शुक्रवारी दोन होती."

"चालू आहे आत्ता?"

"वस्ताद, मी काय म्हणतो, संध्याकाळी आपण दोघंच जाऊ, ताईंना काहीतरी कारण सांगून किल्ली..."

"लिफ्ट आत्ता चालू आहे का? हो की नाही?"

"हो."

वस्तादांनी दार उघडलं ते भिंतीवर आदळलं. पासष्टीला आलेला माणूस पळत ताईंच्या टेबलाशी गेला. "ताई, त्या व्यायामवाल्यांच्या इमारतीचा रखवालदार, लावा फोन! आत्ताच्या आत्ता!"

फोन लागला. ताईंनी आवाज मोठा केला. रखवालदार म्हणाला, "आत्ता कशी बंद करू? आत एक बाई आहेत खुर्चीतल्या, आणि त्यांचा मुलगा. वर चाललेत."

"जाऊ दे वर. थांबली की आधी माणसं बाहेर काढायला सांग, मग मेन स्विच पाड. फोन ठेवायचा नाही, कळलं का? फोन ठेवायचा नाही!"

मग नुसती खरखर. लांबून कुणाचे तरी पाय, कुणाची तरी हाक. ताईंना अजून काहीच ठाऊक नव्हतं, पण त्यांनी डिप्लोमाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या हातातलं पेन तसंच राहिलं. भिडू कप हातात घेऊन दारात उभा. किती वेळ गेला कोण जाणे.

"उतरले दोघं," रखवालदार म्हणाला. "बंद केली. पण बाई भडकल्यात, खाली कशा येणार म्हणतात."

"आम्ही उचलून आणू म्हणावं," वस्ताद म्हणाले आणि खुर्चीत बसले. मग त्यांनी चार वाक्यांत सगळ्यांना काय घडलं ते सांगितलं. भिडूने कप टेबलावर ठेवला.

"वस्ताद," डिप्लोमा म्हणाला, "तुम्हीच तर म्हणत होतात, आपल्या माणसाचं बाहेर न्यायचं नाही..."

"मी? कधी?"

"रोज! ड्रायव्हर गद्दार म्हणून!"

वस्ताद त्याच्याकडे बघतच राहिले. "अरे गाढवा, ती माझी चिठ्ठी होती! तू तापात होतास तेव्हा चिठ्ठ्या काढल्या आम्ही. जी बाजू वाट्याला येईल ती शेवटच्या भागापर्यंत सोडायची नाही. जो पहिला माघार घेईल त्याने महिनाभर सगळ्यांचे कप धुवायचे. त्याशिवाय हा भिडू मेलेल्या बाईवर आरोप करेल का?"

"माझ्याकडे आला असतास," ताई हलकेच म्हणाल्या, "तर मी किल्ली दिली असती रे. संध्याकाळपर्यंत तुम्ही गपचूप उरकलं असतं." मग त्यांचं त्यांनाच उमगलं, की संध्याकाळपर्यंत ती लिफ्ट चालूच राहिली असती. त्यांनी तोंडावर हात ठेवला.

ताईंना फोनजवळ ठेवून गाडी इमारतीवर पोचली. तिघांनी मिळून आधी त्या बाईंना खुर्चीसकट पाच मजले खाली आणलं. खाली आल्यावर बाईंचा राग निवळला. "बरं झालं बाबांनो, वेळेवर आलात," त्या म्हणाल्या, आणि डिप्लोमाला वाटलं, धरणी फाटून पोटात घेईल तर बरं.

मशीनरूममध्ये वस्तादांनी त्यालाच झाकण उघडायला लावलं. एका बाजूचं अस्तर तीन मिलिमीटर. दुसऱ्या बाजूला त्याने बोट फिरवलं, आणि बोटाला अस्तर लागलंच नाही, रिवेटची गुळगुळीत डोकी लागली. धातूवर धातू घासत होता. बाजूच्या खिळ्याला त्याच्या हातचा कागद लटकत होता, "साडेतीन, ठीक." वस्तादांनी त्याचा दंड धरला, पण शिवी नाही, उपदेश नाही, काही नाही. त्याला वाटलं, दोन थोबाडीत मारल्या असत्या तर सोसलं असतं.

खाली गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून वस्तादांनी अहवाल लिहिला. डिप्लोमाने वाचलं, "तंत्रज्ञाने स्वतःहून पुढे येऊन चूक कबूल केली, त्यामुळे अपघात टळला."

हे एक वाक्य नोकरी वाचवणार, हे त्याला कळलं. गप्प बसणं किती सोपं होतं! पण त्याचा जीव आता त्या गप्प बसण्यालाच विटला होता.

"वस्ताद, हे खरं नाही. मी कबूल करायला नव्हतो आलो. तुम्ही लपवाल म्हणून आलो होतो."

"माहीत आहे. दार लावून घेतलंस तेव्हाच कळलं."

"मग असं का लिहिलंत?"

"लिफ्ट चालू होती तोवर तू माझा कुणीही नव्हतास," वस्ताद पेनचं टोपण लावत म्हणाले. "आता बंद आहे. आता तू माझा माणूस."

"आणि मी?" गाडीच्या मागच्या सीटवरून भिडूचा आवाज आला. दुपारपासून तो पहिल्यांदाच बोलत होता. "माझं काय लिहिलंत?"

वस्तादांनी कागद दुमडला. "न पाहता सही केली, असं लिहिलंय. केलीसच ना?"

"केली," भिडू म्हणाला. "हा म्हणाला ठीक आहे, म्हणून केली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्य कार्यालयाचा निर्णय आला. डिप्लोमाची नोकरी राहिली. सहा महिने त्याच्या एकट्याच्या सहीवर काम पास होणार नव्हतं. भिडूला लेखी शेरा मिळाला, अकरा वर्षांतला पहिला. ताईंनी कागद वाचून दाखवला तेव्हा भिडू "बरं" एवढंच म्हणाला आणि हत्यारांची पेटी उचलून गाडीकडे गेला.

नवं अस्तर आलं होतं. डिप्लोमाने वर बसून ते बसवलं, दोन्ही बाजू तीन तीन वेळा मोजल्या, लिफ्ट रिकामी चालवली, वजन घालून चालवली. जमिनीला अगदी बरोबर लागत होती. सहा दिवसांत पहिल्यांदा त्याने पोटभर श्वास घेतला आणि जिन्यात येऊन नेहमीसारखी हाक दिली, "भिडू, झालं! ठीक आहे!"

मग पायऱ्यांवर पावलं वाजायला लागली. सहा मजले, सावकाश, मध्ये मध्ये थांबत. भिडू दारात आला तेव्हा घामाने निथळत होता.

"कशाला चढलास एवढा? मी म्हटलं ना, ठीक आहे."

"बाजूला हो," भिडू म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर डिप्लोमाने माफी तरी मागितली असती.

तो भिंतीला चिकटून उभा राहिला. भिडूने गुडघे टेकले, स्वतःचं जाडी मोजायचं गेज काढलं, विजेरी तोंडात धरली आणि मोजायला लागला.

"उद्या शेवटचा भाग," डिप्लोमा काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला. "येतोस ना माझ्याकडे बघायला? बायकोही म्हणत होती."

भिडूने तोंडातली विजेरी काढली.

"ती पलीकडची बाजू उघड," तो म्हणाला. "तीही बघू दे."