चौथ्या तासाची नोंद

डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत तिच्या डाव्या बरगड्यांपाशी सुई सरकवली, आणि थोड्याच वेळात ती बाजू बधिर झाली. नागीण आठ महिन्यांपूर्वीच बरी झाली होती, पण जाताना आग मागे ठेवून गेली होती. ब्लाउजचं कापडसुद्धा सोसवत नसे. नवऱ्यानं तर इतका धसका घेतला होता, की पलंगावर मध्ये जाडजूड उशी ठेवून तो बिचारा काठावर झोपायचा.

"ही नुसती परीक्षा. चारेक तास टिकेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एरवी दुखतं ते सगळं करून बघा आणि दर तासाला शून्य ते दहा आकडा लिहा. ह्याच नसेचं दुखणं ठरलं, तर जास्त दिवस टिकेल असा उपाय करू."

घरी येऊन ती खुर्चीत ताठ बसून राहिली. हललं तर मिळालेलं सुख सांडेल, अशी भीती. निवृत्त ग्रंथपाल नवरा तक्ता घेऊन समोर बसला, चांगला चार हात लांब. पहिला तास: शून्य, बसली. दुसरा: शून्य, बसली. तिसराही तसाच.

"अहो, अशानं नापास होऊ आपण," ती म्हणाली. "इकडे या."

"नको गं. लागलं-बिगलं तर?"

"मग इंजेक्शन कशाला घेतलं?"

तो आला. जुन्या पुस्तकाचं पान उलटावं तसं एक बोट टेकवलं.

"असं नाही. नीट."

मग त्यानं तिला जवळ घेतलं. डाव्या बाजूला तिला काहीच कळत नव्हतं, पण खांद्यावर टेकलेली त्याची हनुवटी कळत होती. तिला रडू आवरेना. नोंदीसाठी लावलेलं गजराचं घड्याळ वाजून वाजून थकलं.

दुसऱ्या दिवशी दुखणं परत साताच्या आकड्यावर होतं. डॉक्टरबाईंनी तक्ता पाहिला.

"चौथ्या तासाची नोंद?"

उभ्या जन्मात एक नोंद न चुकवलेल्या माणसाचे कान लाल झाले. "राहून गेली."

"परीक्षा देत होतो," ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी दोघांकडे पाहिलं, रिकाम्या चौकोनात स्वतःच शून्य लिहिलं आणि पुढच्या उपायासाठी तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली.

"तीन आठवडे!" बाहेर आल्यावर तो कुरकुरला. "तोवर काय करायचं?"

"तोवर," ती म्हणाली, "जरा पातळ उशी घ्या."