मोरीपाशी पाय लागला

ट्यूबमध्ये बसून मासे धरणाऱ्याचे डोळे तळपायात असतात, असं म्हाळू म्हणायचा. पाटसच्या पंक्चरवाल्याकडून आणलेली उसाच्या ट्रकची ट्यूब, मधे बाजेसारखी सुतळी विणलेली. त्यात बूड टेकवायचं, दोन्ही पाय खाली पाण्यात सोडायचे, हातांत जुन्या स्लिपरा घालून वल्हवायचं आणि जाळं सोडत जायचं. वाडीच्या पाझर तलावात कुठं गाळ आहे, कुठं खडक आहे, हे बावीस वर्षांत त्याच्या पायांना तोंडपाठ झालेलं. एका जागेला मात्र तो कधी गेला नाही. बांधातून पाणी सोडायची जी मोरी होती, तिच्या पुढ्यात खोल खड्डा होता. खड्ड्यात बुडालेल्या वेड्या बाभळी. तिथं अडकलेलं जाळं फाटूनच वर यायचं.

पण दोन हजार तीनच्या मे महिन्यात तळं इतकं आटलं की पाणी राहिलं ते मोरीपाशीच, आणि मासेही सगळे तिथंच गोळा झाले. मांडवगणपासून शिरूरपर्यंत टँकर धावत होते, तिथं एका वाडीच्या तळ्याची काय कथा. तर म्हाळू त्या दिवशी सकाळी बाभळींचे शेंडे चुकवत मोरीपाशी आला आणि त्याच्या उजव्या पायाला काहीतरी लागलं. फांदी नव्हती. गोल, गुळगुळीत, शेवाळलेली रबराची मूठ. शेजारी लोखंडी दांडी, तीही पायानं दाबली तशी दबली.

ब्रेक होता तो.

म्हाळू ट्यूब सोडून खाली गेला. आडवी पडलेली गाडी, तिच्या अंगाला बांधलेली दुधाची किटली. आपली किटली दुसऱ्याच्या घरी जाऊ नये म्हणून गवळी किटलीच्या गळ्यावर नाव ठोकून घेतात. म्हाळूनं अक्षरांवरून बोट फिरवलं. 'हौ' लागलं. मग हात गाडीखाली गेला आणि तिथं जे लागलं ते काय सांगायचं. तो वर आला आणि ट्यूबला दोन्ही हातांनी धरून कितीतरी वेळ नुसता लोंबकळत राहिला.

हौसरावांचा सत्यजीत होता तो. तीन वर्षांपूर्वी श्रावणात, संध्याकाळचं दूध डेअरीला घालून एम-एटीवरून घरी निघालेला, तो घरी पोचलाच नाही. त्या आठवड्यात बापाशी त्याचं कडाक्याचं भांडण झालं होतं, त्यामुळं पोरगं रागानं निघून गेलं असंच सगळ्यांनी धरलं. त्या संध्याकाळी पाऊस असा कोसळला की तळं सांडव्यावरून वाहिलं, चाकाची खूण कुठली राहते. कुणी म्हणालं चाकणला दिसला, कुणी म्हणालं सुरतेला गेला. आणि डेअरीत त्याला शेवटचं बघणारी कोण, तर म्हाळूची पोरगी राजश्री. ती तिथं दुधाची फॅट लावायची. सत्यजीतशी दोन शब्द हसून बोलायची, एवढाच तिचा गुन्हा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती रांजणगावला कंपनीत कामाला गेली, ते महिनाभर आधी ठरलेलं होतं. पण वाडीला काय, जोडी जुळवायला तेवढं पुरलं.

हौसराव दहा माणसं घेऊन बौद्धवस्तीत आले होते. म्हाळूच्या दारात उभे राहून त्यांनी राजश्रीच्या नावानं जे शब्द काढले, ते म्हाळूची बायको आक्काबाई आजही तोंडातून काढत नाही. त्यानंतर पोरीची दोन स्थळं मोडली, त्यातलं दौंडचं तर सुपारी फुटायच्या बेतात होतं. जयंतीला एकदा घरी आली, नळावर बायकांनी तिला बघून हंडे बाजूला घेतले, तेव्हापासून ती वाडीत आलीच नाही. म्हाळूच दोन महिन्यांनी तिकडं जाऊन यायचा. जेवायचा, पंख्याखाली बसायचा, परत यायचा. पोरीला त्यानं कधी एका शब्दानं विचारलं नाही. आपला विश्वास आहे म्हणून विचारत नाही, असं तो आक्काबाईला सांगे.

आता खोटं कशाला बोलायचं, मोरीपाशी लोंबकळत असताना म्हाळूला आधी झाला तो आनंद. खाली एका माणसाची हाडं पडलेली आणि ह्याला आनंद. पोरगी खरी निघाली, पोरगी खरी निघाली, एवढंच त्याच्या डोक्यात वाजत होतं. मग एकदम त्याला त्या आनंदाचीच लाज वाटली. विश्वास असता, तर एवढा आनंद कशाचा झाला असता?

घरी येऊन त्यानं आक्काबाईला सांगितलं. बाई खमकी. तिनं आधी दार लोटून घेतलं, मग बोलली.

"तळं तुमच्या ठेक्याचं. पोरीच्या नावानं बोंब झालेली. आन् त्याच तळ्यात मढं. लोकं काय म्हणतील? बापानंच काटा काढला म्हणतील. तुमी गप ऱ्हावा. म्हैनाभरात पाणी आपसूक आटंल, दुसऱ्या कुणाला तरी दिसंल. तवर रोजच्यावानी जाळं टाका."

म्हणणं चुकीचं नव्हतं. फक्त त्यात एक मेख होती आणि ती दोघांनाही कळत होती. गप्प राहायचं तर मासे धरावेच लागणार, विकावेच लागणार. आटत्या पाण्यात मासा हातानं सापडतो, ठेकेदाराची खरी कमाई त्या महिन्याची. अशा वेळी म्हाळू घरी बसला, तर उद्या गाडी वर दिसल्यावर लोक बरोबर बोट ठेवणार, की ह्याला ठाऊक होतं म्हणूनच ह्यानं जाळं गुंडाळलं. आणि विकायचे म्हणजे त्याच पाण्यातले मासे माणसांच्या ताटात घालायचे. तीन वर्षं घातले ते न कळता. आता कळून घालायचे.

चार दिवस म्हाळूनं काविळीचं सोंग केलं. पाचव्या दिवशी रविवार होता. आक्काबाईनं त्याच्याकडं नुसतं बघितलं आणि तो ट्यूब खांद्याला अडकवून गेला. तासाभरात पाटी भरली. रोहू, चिलापी, दोन मरळ. पाटी डोक्यावर घेऊन तो वाडीत फिरला खरा, पण कुणी हाक मारली की पाय उचलायचा, मासे आधीच सांगितलेले आहेत म्हणायचा. असं करत करत तो हौसरावांच्या मागच्या दाराशी आला आणि तिथं मात्र सुलक्षणा भांडं घेऊन उभीच होती.

सुलक्षणा म्हणजे सत्यजीतची बायको. सासऱ्यांना मासे चालत नसत, म्हणून ती रविवारी मागच्या दाराला अर्धा किलो घ्यायची आणि लेकरांपुरती परसात वेगळी चूल पेटवायची. गळ्यात डोरलं, कपाळाला कुंकू, तीन वर्षं तसंच. मासे घेताना ती दर रविवारी एकच प्रश्न विचारायची, की मामा, पोरीकडं सगळं बरं हाय ना? त्यात राग नसायचा. विचारून ती थांबायची. म्हाळूच्या तोंडून चुकून काही निसटेल, नवऱ्याचा काही ठावठिकाणा लागेल, म्हणून थांबायची. म्हाळूला ते कळायचं आणि दर रविवारी तिथून निघताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आजही तिनं तेच विचारलं आणि भांडं पुढं केलं.

म्हाळूनं पाटी खाली ठेवली. त्याला आक्काबाई आठवली, पोलीस आठवले, हौसरावांची दहा माणसं आठवली. पण त्या भांड्यात मासा टाकायला हात काही पुढं होईना.

"ताई, हे मासं घिऊ नका," तो म्हणाला. "ह्या तळ्याचं हितनं फुडं काय बी खाऊ नका. तुमचं मालक कुठं गेल्यालं न्हाईत. तळ्यातच हायत, मोरीपाशी. गाडीसकट."

तिनं पाटीकडं बघितलं. मग हातातल्या भांड्याकडं. तिला सगळंच कळलं असणार, कारण भांडं तिथंच टाकून ती चुलीपलीकडं गेली आणि तिनं पोटातलं सगळं ओकून टाकलं. तोंड पुसत ती परत आली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता.

"म्हंजी त्यांनी आमाला टाकलं न्हवतं," ती म्हणाली आणि सासऱ्यांना बोलवायला आत गेली.

तासाभरात बांधावर सगळी वाडी. शिरूरला पोलिसांना निरोप गेला, पण त्यांना यायला दुपार होणार होती. तोवर आक्काबाई म्हणाली होती तेच झालं. कुजबूज सुरू झाली, मग कुजबुजीचा आवाज चढला. सत्यजीतच्या चुलतभावानं म्हाळूची गचांडी धरली आणि बरोबर तुलाच कसा रे सापडला म्हणून विचारलं. बौद्धवस्तीतली पोरं पुढं झाली. आता दगडच उठायचा होता. हौसराव तेवढे काठाला काठी टेकून पाण्याकडं बघत होते. त्यांनी मागं न बघता म्हाळूला सांगितलं, की जा आणि काय असेल ते काढून आण.

"न्हाई, आप्पा," म्हाळू म्हणाला. हौसरावांना असं न्हाई म्हणायची त्याची उभ्या जन्मातली ती पहिलीच वेळ. "काढीन मी, पोलिसांफुडं काढीन. पर आधी तुमी चला. तुमच्या पायानं बघा. मग म्हणायचं ते म्हणा मला."

हौसराव अडुसष्ट वर्षांचे, पोहता येत नाही, आणि म्हाळूच्या घरच्या कशावर त्यांनी आजवर बूड टेकवलेलं नाही. चुलतभाऊ काहीतरी बोलायला लागला. म्हाताऱ्यानं हातानंच त्याला गप्प केलं. वहाणा काढल्या, टोपी काढून वहाणांवर ठेवली, धोतर वर खोचलं आणि गुडघाभर चिखल तुडवत ट्यूबमध्ये येऊन बसले. सुतळी कुरकुरली. म्हाळू मागून पोहत ट्यूब ढकलायला लागला.

मोरीपाशी आल्यावर म्हाळूनं बुडी मारली. पाण्याखाली म्हाताऱ्याचा घोटा धरला आणि तळपाय नेऊन त्या मुठीवर ठेवला. वर येऊन बघतो तर हौसरावांचे डोळे मिटलेले. पाय आपला आपणच फिरत होता. मूठ, ब्रेक, आरसा, पुन्हा मूठ. सगळी ट्यूब त्यांच्या अंगाबरोबर थरथरत होती. म्हाळूला वाटलं होतं, ह्या क्षणी आपल्याला बरं वाटेल. अजिबात वाटलं नाही. त्याला त्या म्हाताऱ्याची कीव आली, इतकी, की ती त्या दहा माणसांच्या आठवणीनंही हटली नाही.

"बांधावरनं येत जा म्हणून मीच सांगायचो त्याला," हौसराव म्हणाले. "पेट्रोल वाचतं म्हणून."

काठाला लागल्यावर ते ट्यूबमधून उतरले नाहीत. बसल्या बसल्याच बांधाकडं तोंड करून बोलले, आणि शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेलं.

"पोरगं मोरीवरनं पडलंय. म्हाळूचं नाव कुणी घ्यायचं न्हाई. आन् त्याच्या पोरीचं घेतलं ते मी घेतलं, ते चुकलं माझं."

दुपारी पोलिसांसमोर म्हाळूनं दोर लावला आणि माणसांनी गाडी ओढून काढली. पंचनामा झाला. संध्याकाळी नदीकाठी जाळ झाला. सुलक्षणानं त्या दिवशी कुंकू पुसलं, पण बायका सांगत होत्या, की तीन वर्षांत पहिल्यांदा ती मान वर करून चालत होती. म्हाळूचे मासे मात्र पुन्हा कुणी घेतले नाहीत आणि त्यानंही धरले नाहीत. जून लागला तसं तळ्याचं डबकं झालं. मासे चिखलात मेले, बगळ्यांनी खाल्ले.

गाडी काढल्यापासून चौथ्या दिवशी म्हाळूनं न्हावरा फाट्यावरून रांजणगावची गाडी पकडली. काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, हौसराव काय बोलले ते शब्दाला शब्द कसं सांगायचं, सगळं वाटेत मनात लावून ठेवलं. पोरगी रडेल, मग हसेल, मग आपण म्हणू, आता घरी चल. असा त्याचा हिशोब.

राजश्री नुकतीच पाळीवरून आली होती. तिघी पोरींत एक खोली, दोघी कामावर गेलेल्या. तिनं स्टोव्हवर चहा ठेवला आणि भिंतीला टेकून सगळं ऐकून घेतलं. मधे फक्त सुलक्षणाचं विचारलं, की वैनी कशी हाय, लेकरं कशी हायत. रडली नाही. हौसरावांचं वाक्य ऐकून तिनं नुसती मान हलवली.

म्हाळूला राहवेना. "अगं, सगळ्या वाडीला कळलं," तो म्हणाला. "तू खरी हायस ते कळलं सगळ्यास्नी."

राजश्रीनं चहा गाळला. कप त्याच्यापुढं ठेवला.

"मला तर तवाच ठाऊक होतं, आबा," ती म्हणाली. "वाडीचं सोडा. तुमी एवढ्यांदा आलासा, जेवलासा, गेलासा. दर वक्ताला मला वाटायचं, आज इचारतील. तीन वर्सं वाट बघितली मी."

म्हाळू कपाकडं बघत राहिला. इतकी वर्षं तो ह्या खोलीत येऊन बसत होता आणि आज पहिल्यांदा त्याला पोरीच्या तोंडाकडं बघता येईना.