कलाबाईचा गळा

शोभाबाई अशी तापली होती, की सुरतेच्या डिंडोलीतल्या त्या घरात त्या दिवशी गॅस न पेटवता चहा उकळला असता. खानदेशची देवी कानबाई घरात बसलेली, गव्हाच्या रोटांचा नैवेद्य चढवलेला, गल्लीतल्या बाया दाटीवाटीनं जमलेल्या, आणि गाणं म्हणून नाही!

दरवर्षी गाणी म्हणायची ती तिची जाऊ कलाबाई, समोरच्याच घरातली. पण रोटाच्या गव्हावरून यंदा दोघींचं पेटलं. तेव्हा शोभाबाई साऱ्या गल्लीदेखत ओरडली होती, “नको येऊ! तुझा गळा सीडीत भरून ठेवलाय मी!”

आता ती जुनी सीडी कॉम्प्युटरात गरागरा फिरत होती, पडद्यावर सेकंद पळत होते, आणि आवाज? नावालाही नाही.

“आई, यूट्यूब वाजतं. म्हणजे स्पीकर चांगला आहे,” तिचा मुलगा ललित म्हणाला. “म्यूटही नाही. सीडीचाच आवाज येत नाहीये.”

“मग फोड तो डबा!”

ललितनं स्क्रू काढले. “हे बघ. सीडीकडून साउंड कार्डाला जाणारी बारीक वायर निसटलीये. दिवाळीत साफ कोणी केला होता?”

शोभाबाईचा नवरा सुकदेव दाराकडे सरकायला लागला. “कारखान्यात लूमवरचा कापूस उडवतो ना, त्या कॉम्प्रेसरनं जरा हवा मारली. चकाचक झाला की!”

“जरा? तुमच्या त्या हवेनं कापडाचा आख्खा ताका उडून बारडोलीच्या उसात पडतो! ही वायर काय टिकणार? ती कला बघा, समोर खिडकीत बसून दात काढतेय!”

ललितनं वायर खोचली, आणि कलाबाईचा आवाज असा सुटला की पलीकडच्या गोडादऱ्याची कुत्री उठून बसली. शोभाबाईनं कमरेवर हात ठेवून समोरच्या खिडकीकडे पाहिलं. घे!

गाणं संपलं. सीडीतली कलाबाई धापा टाकत बोलली, “शोभे, पानी दे वं. आन मन्हाजोडे बस. तुन्हाबिगर मन्हा सूर नही लागस.”

बायांनी माना वळवल्या. शोभाबाईचे डोळे भरले, त्यानं तर ती आणखीच भडकली.

“बंद कर रे ते!”

तरातरा गल्ली ओलांडून तिनं समोरचं दार बडवलं.

“कले, नीघ बाहेर! चार बायांत रडवलंस मला! तुझं गाणं तूच म्हण. पण जवळ नाही बसणार मी. समोर बसेन, डोळे वटारून!”

आतून चपलांचा आवाज आला. “बस कुठंही. माझ्यामागं झील मात्र वरच्या पट्टीत धर, मेलीचा आवाजच निघत नाही कधी.”