रुसलेली गाडी

ऑफिसात तिला सगळे निस्तरेबाई म्हणत. ते काही तिचं आडनाव नव्हे. दुसऱ्यांनी घातलेले घोळ निस्तरायचं काम तिच्याकडे, म्हणून कोणीतरी ते चिकटवलं आणि तिनेही कधी मनाला लावून घेतलं नाही. नवं काही लिहायचं असलं की हौशी मंडळींची झुंबड उडायची. जुन्या प्रोग्रॅममधलं भोक बुजवायचं म्हटलं की त्याच मंडळींना अचानक बैठका आठवायच्या.

या वेळी तिच्या पदरात पडला होता शहरातल्या अँब्युलन्सचा प्रोग्रॅम. कंट्रोल रूमला फोन आला की तो कोणत्या भागातून आला ते पाहून प्रोग्रॅम जवळची गाडी शोधायचा आणि तिच्यावर लॉक लावायचा, म्हणजे शेजारच्या टेबलावरून तीच गाडी दुसऱ्या कोणाला दिली जाऊ नये. मग सांगितलेला पत्ता त्याच भागातला आहे का ते तपासायचं, गाडी पाठवायची, आणि काम संपलं की लॉक काढायचं. सगळं सुरळीत पार पडलं तर लॉक निघायचंही. मध्येच काही बिनसलं तर मात्र प्रोग्रॅम चूक झाल्याचं सांगून आल्या पावली परत फिरायचा आणि लॉक तसंच राहायचं. पेट्रोल पंपावरच्या एकुलत्या एक संडासाची किल्ली घेऊन माणूस मागच्या खिडकीतून पसार व्हावा आणि बाहेर लोकांनी ताटकळत बसावं, त्यातला प्रकार.

अशी प्रत्येक परतीची वाट शोधायची आणि तिथे 'आधी लॉक काढ, मग जा' एवढं लिहायचं. काम किचकट, आणि कौतुक शून्य. निस्तरेबाईंनी ते निमूटपणे चालवलं होतं. त्यातली एक तरी जागा प्रत्यक्ष चालताना बघावी म्हणून त्या दिवशी सकाळी ती कंट्रोल रूममध्ये गेली.

तिथे नव्या लोकांना शिकवण्यासाठी एक वेगळं टेबल होतं, खऱ्या गाड्यांना न जोडलेलं. शेजारच्या खुर्चीत सगळ्यांत जुनी ऑपरेटर बसली होती, तिला सगळे ताई म्हणत. हेडफोन गळ्यात, तोंडात पेपरमिंट. निस्तरेबाईंनी मुद्दाम खोटी गल्ली टाइप केली. 'पत्ता सापडला नाही' असं उमटलं. मग खरी गल्ली टाकली. पडद्यावर जवळच्या स्टँडवरच्या गाडीचा हिरवा ठिपका राखाडी झाला होता, तो तसाच राहिला, आणि प्रोग्रॅमने थेट शहराच्या दुसऱ्या टोकाची गाडी निवडली. ती ठिपक्याकडे बघत बसली.

"ती आता नाही यायची," ताई मान न वळवता म्हणाली. "रुसली ती."

"कोण?"

"गाडी. पत्ता एकदा चुकला की जवळची गाडी रुसते. पहाटे मशीन बंद करून चालू करतात ना, तेव्हा येते ताळ्यावर."

हे कधीपासून, असं विचारल्यावर ताई म्हणाली, ती इथे कामाला लागली तेव्हापासून. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावतात, पत्ता दोनदा विचारून घे, नाहीतर गाडी रुसेल. तिला वाटायचं, हा वरून आलेला नियमच असणार. खोटे फोन करणाऱ्यांसाठी काहीतरी सोय. नियमाची तक्रार कोण कशाला करेल? तिकडे ड्रायव्हर बिचारा दिवसभर स्टँडवर उभा. आज फोन नाहीत म्हणून त्यालाही बरंच वाटत असणार. ताई मनाने चांगली होती. निस्तरेबाईंना कळेना की आता चिडायचं तरी कोणावर.

आणि मग तिला ते शब्द आठवले. "वहिनी, आधी ते म्हणाले, गाडी जवळच आहे. मग म्हणाले, लांबून येतेय." सासरे गेले त्या दिवशी दीर हेच सांगत होता. घरात तेव्हा तो एकटाच होता. गाडी आली, पण फार उशिरा. तिच्या नवऱ्याने सगळ्यांसमोर धाकट्या भावाला झाडलं होतं, की तू फोनच उशिरा केलास आणि आता थापा मारतोयस. दीर मान खाली घालून बसला होता. वर्ष होत आलं, भावाभावांत बोलणं बंद. सासूबाई दोघांकडे आलटून पालटून राहायच्या आणि एकाच्या घरी दुसऱ्याचं नाव काढायच्या नाहीत.

ती कशीबशी आपल्या टेबलाशी आली. प्रोग्रॅमचा तो तुकडा कोणी लिहिला ते बघायचं तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. घोळ निस्तरणाऱ्याने घालणाऱ्याचं नाव बघू नये, हा तिचाच शिरस्ता. आज बघितलं. पडद्यावर नवऱ्याचं नाव होतं. तो याच कंपनीत होता, आणि हाच प्रोग्रॅम वेळेआधी पुरा केला म्हणून वरच्या मजल्यावर साहेब होऊन बसला होता. ती नुसती बघत राहिली.

गप्प बसावं, ओळ दुरुस्त करावी आणि घरी जावं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. मग तिला दिराचं ते मान खाली घालून बसणं आठवलं, आणि लॅपटॉप उचलून ती जिना चढली.

नवऱ्याने एकदाच वाचलं. हुशार होता, त्याला दुसऱ्यांदा वाचावं लागलं नाही.

"हे मी लिहिलंय," तो म्हणाला. "पत्ता चुकीचा येईल हे मी धरलंच नव्हतं. घाईत होतो."

तिने ताईचं बोलणं सांगितलं. पहाटे मशीन बंद-चालू होईपर्यंत गाडी अडकून राहते, तेही सांगितलं. पुढचं तिला बोलावं लागलं नाही. त्याने फोन उचलला, भावाचा नंबर लावला आणि तिलाही ऐकू यावं म्हणून फोन स्पीकरवर टेबलावर ठेवला.

"दादा?" पलीकडून आवाज आला. मग घाबरून, "कोण गेलं?"

"कोणी नाही. बाबांच्या वेळी तू आधी पत्ता चुकीचा सांगितला होतास का?"

मग दीर हळू बोलू लागला. "जुन्या भागातल्या घराची गल्ली सांगितली मी. लहानपणापासूनची सवय, तोंडातून तीच आली. लगेच सुधारली, पण तेवढ्यात ती जवळची गाडी दुसरीकडे गेली. कोणाला सांगितलं नाही मी. तू बोलत होतास ते खरंच होतं, दादा. बाबा माझ्यामुळेच गेले."

निस्तरेबाईंनी तोंडावर हात घेतला. वर्षभर हा पोरगा हे एकटाच गिळून बसला होता.

"ऐक," नवरा म्हणाला. "पत्ता कोणाचाही चुकतो. चुकला तर पुढे काय करायचं, ते लिहायचं काम माझं होतं. मी ते लिहिलं नाही. ती गाडी कुठेही गेली नव्हती. स्टँडवरच उभी होती."

"कुठल्या स्टँडवर? आपल्या कोपऱ्यावरच्या?"

नवऱ्याने फोन तिच्याकडे सरकवला. ती त्यावर वाकून म्हणाली, "हो भाऊजी. कोपऱ्यावरच्याच."

"ती बघितली मी," दीर म्हणाला. "बाबांना नेताना आम्ही तिच्या शेजारूनच गेलो, वहिनी. ड्रायव्हर काच पुसत होता. मला वाटलं, परत आली असेल."